चौदा दिवसांची नोटीस

२३ एप्रिल १९७४ रोजी देशभरातल्या रेल्वे कामगार संघटनांनी प्रशासनाच्या हातात संपाची नोटीस ठेवली. संप सुरू व्हायचा होता ८ मेच्या सकाळी सहा वाजता. मधले दिवस पंधरा. ही तारीख कोणी पंचांग पाहून काढली नव्हती. औद्योगिक विवाद कायद्याचे बाविसावे कलम तेव्हा सांगत होते की, लोकोपयोगी सेवेतल्या कामगाराने नोटीस दिल्यापासून चौदा दिवसांच्या आत संप करायचा नाही. रेल्वे ही लोकोपयोगी सेवा, म्हणून चौदा दिवस सोडून पंधरावा दिवस धरला. कायद्याची पहिली पायरी तरी कामगारांनी नीट चढली होती.

हे चौदा दिवस बोलणी करण्यासाठी आहेत, असे कायद्याच्या पुस्तकात लिहिलेले असते. प्रत्यक्षात ते कशासाठी वापरले जातात, हे १९७४ च्या त्या पंधरवड्याने जितके स्पष्ट दाखवले तितके दुसऱ्या कोणत्याही संपाने दाखवले नाही. पण हे चौदा दिवस मुळात आले कुठून, ते आधी सांगायला हवे.

ते आले १९२९ साली, आणि त्यांच्या मागे मुंबई होती. १९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत सुरू झाल्या नाहीत. दीड लाखाच्या आसपास माणसे सहा महिने कामावर गेली नाहीत आणि लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन त्या सहा महिन्यांत मोठी झाली. त्याच वर्षी ईस्ट इंडियन रेल्वेच्या लिलुआ कारखान्यात संप झाला, दक्षिणेत साउथ इंडियन रेल्वे थांबली, कलकत्त्याच्या सफाई कामगारांनी झाडू खाली ठेवले. इंग्लंडात दोनच वर्षांपूर्वी, १९२६ साली, सार्वत्रिक संप होऊन गेला होता आणि त्याचा सूड म्हणावा असा कायदा १९२७ मध्ये तिथे झाला होता. दिल्लीच्या सरकारला नमुना शोधायला फार लांब जावे लागले नाही.

ट्रेड डिस्प्यूट्स बिल असे त्या विधेयकाचे नाव. कामगारांचे दोन भाग त्यात पाडले होते. गिरणीत साचा चालवणारा एका बाजूला. रेल्वे, टपाल, तार, टेलिफोन, वीज, पाणी आणि सफाई यांतला माणूस दुसऱ्या बाजूला. या दुसऱ्या माणसाला संप करायचा असेल तर आधी किमान चौदा दिवस लेखी नोटीस द्यायची. न दिल्यास एक महिना कैद किंवा पन्नास रुपये दंड. शिवाय आपल्या धंद्यातल्या वादापलीकडच्या हेतूने, सरकारवर दडपण आणण्यासाठी केलेला, लोकांचे हाल करणारा संप बेकायदा.

विधेयक मंजूर होण्याआधीच, २० मार्च १९२९ ला, कामगार नेत्यांवरच्या मीरत कट खटल्यासाठी धरपकड झाली. डांगे, मिरजकर, घाटे, निंबकर, अधिकारी, आणि जी.आय.पी. रेल्वेच्या कामगारांत काम करणारे के. एन. जोगळेकर. मुंबईतून कामगारांची बाजू मांडू शकतील अशी बरीच माणसे गजाआड गेल्यावर ८ एप्रिलला मध्यवर्ती विधिमंडळात हे विधेयक मंजूर झाले. अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल दुसऱ्या एका विधेयकावर, पब्लिक सेफ्टी बिलावर, निर्णय द्यायला उभे राहिले आणि प्रेक्षकांच्या गॅलरीतून भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी बाँब टाकले. हा प्रसंग प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असतो. त्या क्षणी सभागृहाने नेमके काय मंजूर केले होते, ते मात्र कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात बाँब राहिला, बिल गळाले.

त्या ट्रेड डिस्प्यूट्स कायद्यात एक भोक होते आणि ते मुद्दाम ठेवलेले होते. कामगाराने नोटीस दिलीच पाहिजे; पण नोटीस आल्यावर सरकारने चौकशी मंडळ नेमलेच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नव्हते. नेमू शकेल, एवढेच. एका बाजूला सक्ती, दुसऱ्या बाजूला मर्जी.

दुसऱ्या महायुद्धात भारत संरक्षण नियमांच्या ८१-अ या नियमाने ही बंधने आणखी आवळली. युद्ध संपले, पण नियम चालवणाऱ्यांना त्याची सवय लागली होती. १ एप्रिल १९४७ पासून लागू झालेल्या औद्योगिक विवाद कायद्यात त्याच नियमाचा गाभा उतरला. स्वातंत्र्याला साडेचार महिने बाकी होते. या नव्या कायद्याने भोक बुजवल्यासारखे केले: लोकोपयोगी सेवेत नोटीस आली की समेटाची बोलणी झालीच पाहिजेत आणि वाद न्यायाधिकरणाकडे पाठवलाच पाहिजे. मात्र पाठवणे सरकारला ‘अनुचित’ वाटले तर सुटका. समेटाच्या कलमात गंमत याहून मोठी होती. संपाची नोटीस समेट अधिकाऱ्याच्या हाती पडली, की त्याच दिवशी समेटाचे कामकाज सुरू झाले असे मानायचे. आणि कामकाज चालू असताना, शिवाय ते संपल्यावर सात दिवस, संप करायचा नाही. म्हणजे संप कायदेशीर करायचा तर नोटीस द्यायला हवी, आणि नोटीस दिली की संप बेकायदा ठरवायची सोय आपोआप सुरू. हा कायदा लिहिणारा माणूस कोण होता ते मला माहीत नाही, पण त्याच्या डोक्याला दाद द्यावी लागेल.

तरीही हा झाला साधा कायदा. त्यातली शिक्षा जुनीच: एक महिना, पन्नास रुपये. संपकऱ्याला घाबरवायला ती पुरत नाही हे १९६० साली उघड झाले.

जुलै १९६० मध्ये केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी संप पुकारला. दुसऱ्या वेतन आयोगाने किमान वेतन महागाईसकट ८० रुपये ठरवले होते. तीनच वर्षांपूर्वी, १९५७ मध्ये, भारतीय श्रम परिषदेत सरकारने स्वतः मान्य केले होते की, किमान वेतन माणसाच्या गरजेवर ठरावे: कुटुंबाला लागणारे अन्न, कापड, घर यांचा हिशेब मांडून. मग तो हिशेब तुमच्याच नोकरांना का लावत नाही, असा कर्मचाऱ्यांचा प्रश्न होता. रेल्वे, टपाल, संरक्षण कारखाने, हिशेब कार्यालये सगळी एकत्र आली. संरक्षण कर्मचाऱ्यांच्या अखिल भारतीय महासंघाचे अध्यक्ष होते एस. एम. जोशी. संयुक्त महाराष्ट्राचा मंगलकलश येऊन अडीच महिनेही झाले नव्हते, आणि तो लढा लढवणारे एसेम आता दिल्लीच्या सरकारपुढे दुसऱ्या लढ्यात उभे होते.

संपाच्या तोंडावर राष्ट्रपतींनी अत्यावश्यक सेवा वटहुकूम काढला. ‘अत्यावश्यक सेवा’ हे शब्द आपल्या कानावर इतके रुळले आहेत की ते कायमचेच असावेत असे वाटते. पण सरकारी नोकरांचा संप मोडायला ते तेव्हा प्रत्यक्ष वापरले गेले ते असे. सरकारने एका अधिसूचनेने संपाला मनाई केली की तो बेकायदा. भाग घेणाऱ्याला सहा महिने, चिथावणी देणाऱ्याला वर्षभर कैद, आणि पोलिसाला वॉरंटशिवाय अटकेचा अधिकार. ११ जुलैच्या मध्यरात्री सुरू झालेला संप पाच दिवसांत मोडला. दाहोदच्या रेल्वे कारखान्यात गोळीबार होऊन कामगार ठार झाले.

त्या संपाचे एक प्रकरण मुंबईच्या अकाउंटंट जनरल कार्यालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. तिथल्या संघटनेचे सचिव ई. एक्स. जोसेफ यांच्यावर खात्याने कारवाई सुरू केली होती. १९६२ च्या निकालात न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी नियमाचे दोन तुकडे केले: सरकारी नोकराला निदर्शने करायला मनाई करणारा भाग घटनाबाह्य, संपाला मनाई करणारा भाग वैध. मान्यता नसलेल्या संघटनेत राहू नये, हा नियमही त्यांनी रद्द केला. घोषणा द्या, मोर्चा काढा, संघटना करा. काम मात्र थांबवू नका. सरकारी नोकराच्या हक्कांची जी सीमा तेव्हा आखली गेली ती आजही जवळपास तिथेच आहे.

१९६८ मध्ये हेच नाटक पुन्हा. १९ सप्टेंबरला एक दिवसाचा लाक्षणिक संप ठरला. आधीच्या आठवड्यात वटहुकूम आला. पठाणकोटला गोळ्या चालल्या. एका दिवसासाठी हजारोंच्या सेवेत खंड पडला. वटहुकुमाची जागा पुढे कायद्याने घेतली आणि ‘एस्मा’ हे चार अक्षरी इंग्रजी नाव मराठी वर्तमानपत्रांत आले.

आता १९७४.

रेल्वेत तेव्हा कायम आणि हंगामी धरून सतरा लाखांच्या आसपास माणसे होती. जगातल्या सर्वांत मोठ्या मालकांपैकी एक म्हणजे भारतीय रेल्वे, आणि तिच्या कामगाराची दोन मुख्य दुखणी: वेळ आणि पैसा. कामाच्या तासांसाठी रेल्वेने कामगारांचे वर्ग पाडले होते. ‘इंटेन्सिव्ह’, ‘कंटिन्युअस’, ‘इसेन्शियली इंटरमिटंट’ अशी त्यांची नावे. तिसऱ्या वर्गातला, म्हणजे लहान स्टेशनावरचा पॉइंट्समन किंवा फाटकवाला, दोन गाड्यांमध्ये रिकामा बसतो असे गृहीत धरून त्याची ड्युटी लांबवलेली. इंजिनावरचा ड्रायव्हर आणि फायरमन ‘साइन ऑन’ करून चढले की ‘साइन ऑफ’ कधी होणार ते सिग्नलच्या आणि मालगाडीच्या कृपेवर. वाफेच्या इंजिनात चौदा-चौदा तास कोळसा मारणे म्हणजे काय, हे भुसावळ, मनमाड, दौंडच्या लोको शेडच्या वस्तीत कोणालाही विचारले असते तर कळले असते. १९७३ मध्ये लोको रनिंग स्टाफने दोनदा काम बंद पाडले तेव्हा कुठे ऑगस्टमध्ये रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्र यांनी दहा तासांची मर्यादा कबूल केली. कबूल केली, अंमलात आणणे पुढचे.

पैशाचे दुखणे अधिक खोल होते. तिसऱ्या वेतन आयोगाने किमान पगार १८५ रुपये सुचवला, सरकारने १९६ केला. त्याच काळात महागाई वर्षाला वीस टक्क्यांवर गेली होती. महाराष्ट्रातला ७२ चा दुष्काळ ताजा, त्यावर अरबांच्या तेलाचा भडका. सरकारच्याच मालकीच्या कारखान्यांत कामगाराला अधिक पगार आणि वर बोनस मिळे. रेल्वे कामगाराला बोनस नाही, कारण १९६५ च्या बोनस कायद्यातून सरकारी खाती वगळलेली. इथे रेल्वे कामगाराचा जो संताप होता तो मला फार रास्त वाटतो. संप म्हटला की तो कारखान्याच्या कामगारासारखा औद्योगिक कायद्याखाली येई. बोनस म्हटला की तो सरकारी नोकर होई. म्हणून त्यांची पहिली मागणी पैशाची नव्हती. आम्हाला औद्योगिक कामगार माना आणि वाटाघाटीचे पूर्ण हक्क द्या, अशी ती होती. त्यापाठोपाठ आठ तासांची ड्युटी, सार्वजनिक उद्योगांइतका पगार, बोनस, हंगामी कामगारांना कायम करणे.

ऑक्टोबर १९७३ मध्ये ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या अध्यक्षपदी जॉर्ज फर्नांडिस निवडून आले. हरवले त्यांनी पीटर अल्वारिस यांना, गोवा मुक्तीच्या लढ्यातल्या आणि आपल्याच समाजवादी घरातल्या ज्येष्ठाला. जॉर्ज मंगळूरचे, पण कामगार नेता म्हणून ते घडले मुंबईत, गोदी पुढारी पी. डिमेलो यांच्या हाताखाली. महापालिकेचे कामगार, टॅक्सीवाले, बेस्ट: शहर थांबवायचे तर कुठे हात घालायचा हे त्यांना पाठ होते. १९६७ मध्ये त्यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना पाडले होते, आणि पाटील त्याआधी रेल्वेमंत्री होते. १९६३ मध्ये मुंबईतल्या चळवळीपायी ते भारत संरक्षण नियमांखाली महिनोन् महिने तुरुंगात राहिले होते. त्या नियमांशी त्यांची ओळख जुनी होती.

२७ फेब्रुवारी १९७४ ला दिल्लीत लहानमोठ्या रेल्वे संघटनांची राष्ट्रीय समन्वय समिती झाली. समाजवादी, कम्युनिस्ट, जनसंघाचे, कोणत्याच पक्षाचे नसलेले, सगळे एका सतरंजीवर. फक्त काँग्रेसच्या बाजूची एन.एफ.आय.आर. बाहेर राहिली.

इथे संपकऱ्यांच्या बाजूचीही एक गोष्ट लपवून चालणार नाही. जॉर्जनी मार्चअखेरच्या एका भाषणात हिशेब मांडला होता: रेल्वे सात दिवस थांबली की औष्णिक वीज केंद्रे बंद, दहा दिवसांत पोलादाचे कारखाने थंड, पंधरा दिवसांत देश उपाशी. हे भाषण सरकारने पुढे सारखे उगाळले आणि त्याचा उपयोगही झाला. आधीच रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे ऐकून रेल्वे कामगाराचा कळवळा येईल, अशी अपेक्षा करणे फाजील होते. संप म्हणजे दडपण, ते कोणी नाकारत नाही; पण दडपण कोणावर, हे नेत्याने बोलून दाखवताना सावध राहायचे असते. जॉर्ज सावध राहणाऱ्यांपैकी नव्हते.

नोटीस गेली. पंधरवडा सुरू झाला. दिल्लीत बोलणीही सुरू होती. रेल्वे उपमंत्री महंमद शफी कुरेशी आणि कामगार नेते समोरासमोर बसत होते. बोनस सोडून बऱ्याच गोष्टींवर पुढे सरकता येईल, असे नेत्यांना वाटत होते. दुसऱ्या बाजूला, त्याच दिवसांत, प्रवासी गाड्या रद्द करून कोळसा आणि धान्य हलवण्याला अग्रक्रम मिळाला. टेरिटोरियल आर्मीच्या रेल्वे तुकड्या बोलावल्या गेल्या. १९७१ च्या युद्धात पुकारलेली आणीबाणी बांगलादेश होऊन दोन वर्षे उलटली तरी उठवलेली नव्हती, त्यामुळे वटहुकूम काढायचीही गरज पडली नाही. भारत संरक्षण नियम हाताशी होते, जोडीला विनाचौकशी स्थानबद्धतेचा मिसा कायदा होता. नियमांखाली संप बेकायदा जाहीर झाला. औद्योगिक विवाद कायदा पाळून दिलेली नोटीस त्यापुढे कागदाचा तुकडा.

२ मेच्या पहाटे लखनौला जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. त्याच दिवशी देशभर रेल्वे नेत्यांची धरपकड झाली. संपाला सहा दिवस बाकी होते आणि बोलणी मोडल्याचे कोणी जाहीर केले नव्हते. समोर बसून बोलणारा माणूस पहाटे उचलून नेला, यावरून सरकारला त्या पंधरवड्यात काय करायचे होते ते कळते. नोटीस ही सरकारला मिळालेली तयारीची मुदत होती. कामगारांनी कायद्याचा मान राखून आपल्या हल्ल्याचा दिवस आणि तास पंधरा दिवस आधी कळवला, आणि सरकारने त्याचा पुरेपूर उपयोग केला.

राष्ट्रपती भवनात तेव्हा व्ही. व्ही. गिरी होते. बंगाल-नागपूर रेल्वेच्या कामगारांची संघटना उभी करणारे, १९२७ चा खरगपूरचा संप लढवणारे, ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या संस्थापकांपैकी एक. त्याच फेडरेशनचे स्वातंत्र्यानंतरचे अध्यक्ष जयप्रकाश नारायण त्या वेळी बिहारच्या आंदोलनात उतरले होते. एका संघटनेचे तीन अध्यक्ष: एक राष्ट्रपती, एक रस्त्यावर, एक तुरुंगात.

८ मेला संप झाला. नेते आत असताना झाला, हे महत्त्वाचे. मुंबईत लोकलचे वेळापत्रक कोसळले. टॅक्सीवाले, वाहतूक आणि वीज कामगार पाठिंब्याला उतरले. मद्रासला डबे बनवणाऱ्या कारखान्याच्या कामगारांनी मोर्चा काढला, गयेला कुटुंबेच्या कुटुंबे रुळांवर बसली. लोकसभेत अविश्वासाचा ठराव आला आणि पडला. पण संपाची खरी लढाई यार्डात किंवा संसदेत झाली नाही. ती झाली रेल्वेच्या वसाहतींत.

रेल्वे कामगार राहतो रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. नोकरी, छप्पर, नळ, दिवा, मुलांची शाळा, दवाखाना, सगळे एकाच मालकाचे. ही सोय सुखाच्या दिवसांत मोठी वाटते. संपाच्या दिवसांत तिच्यासारखी पकड नाही. पोलीस आणि राखीव दले वसाहतींत शिरली. पुरुष अटक चुकवायला घराबाहेर, नातेवाइकांकडे, शेतात झोपायला गेलेले. दारात उभ्या राहिल्या त्या बायका. क्वार्टर खाली करा, असे हुकूम निघाले आणि सामान रस्त्यावर आले. पगार अडवले गेले. काहींना घरातून उचलून थेट कामावर नेऊन उभे केले. हजारो जण तुरुंगात, हजारो बडतर्फ. बडतर्फीसाठी रेल्वेच्या शिस्त नियमांत एक सोय आहे, चौदाव्या नियमाचा दुसरा भाग: चौकशी करणे व्यवहार्य नाही असे अधिकाऱ्याने लिहून ठेवले की चौकशीविना काढता येते. त्या मे महिन्यात हा नियम सढळ हाताने वापरला गेला. याच्या उलट, जे कामावर राहिले ते ‘लॉयल’. त्यांना बढत्या-वेतनवाढींची बक्षिसे, त्यांच्या मुलांना नोकऱ्या. एकाच चाळीत शेजारी शेजारी एक ‘लॉयल’ आणि एक बडतर्फ, ही फूट पुढे कित्येक वर्षे टिकली. माझ्या मते सरकारच्या हातातले सर्वांत परिणामकारक हत्यार हेच होते. कायद्यातल्या कैदेला माणूस तयार होतो. बायकापोरे रस्त्यावर आणि शेजाऱ्याच्या पोराला नोकरी, याला तयार होणे अवघड.

१८ मेच्या सकाळी पोखरणला अणुस्फोट झाला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर रेल्वे कामगाराला जागा उरली नाही. स्फोटाचा मुहूर्त संपासाठीच काढला होता असे तेव्हा बरेच जण म्हणत. त्याला पुरावा नाही, आणि अशा चाचणीची तयारी काही पंधरा दिवसांत होत नाही. पण फायदा झाला तो झालाच.

२७ मेला, विसाव्या दिवशी, संप बिनशर्त मागे घेतला गेला. जॉर्ज तिहारमध्ये होते. बाहेर राहिलेल्या नेत्यांत मतभेद होते, शेडमधली हजेरी वाढू लागली होती, आणि हाती काहीच नव्हते. एकही मागणी मान्य न होता स्वतंत्र भारतातला तोवरचा सर्वांत मोठा संप संपला.

वर्षभराने, जून १९७५ मध्ये, देशभर अंतर्गत आणीबाणी आली. पुढे जे सगळ्यांच्या वाट्याला आले ते रेल्वे वसाहतींनी आधीच पाहिले होते: पहाटेची अटक, चौकशीशिवाय शिक्षा, बोलायला बंदी. मे १९७४ मध्ये गाडी वेळेवर सुटावी एवढीच ज्यांची इच्छा होती त्या मध्यमवर्गाला ही रंगीत तालीम दिसली नाही. त्यांना दोष द्यायला मी तयार नाही. सुट्टीत गावी जायचे तिकीट हातात असलेल्या माणसाला घटनात्मक प्रश्न सुचत नाहीत.

१९७७ मध्ये सत्ता पालटली आणि राजापूरचे खासदार प्रा. मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांना गादी बसवणारा मंत्री म्हणून लोक त्यांना ओळखतात. त्यांचे पहिले मोठे काम त्याआधीचे आहे: ७४ च्या संपात काढून टाकलेल्यांना त्यांनी कामावर परत घेतले, सेवेतला खंड पुसला. १९७९ मध्ये चरणसिंगांच्या अल्पायुषी सरकारच्या काळात रेल्वे कामगाराला उत्पादकतेशी जोडलेला बोनस मिळाला. आज दसऱ्याच्या आधी रेल्वेच्या बोनसची बातमी येते आणि मंत्री ती भेट दिल्यासारखी जाहीर करतात. तिचे मूळ त्या वीस दिवसांत आहे. ज्याने रेल्वे थांबवली तो जॉर्ज १९८९ च्या डिसेंबरात स्वतः रेल्वेमंत्री झाला आणि कोकण रेल्वेचे काम त्याच्या कारकिर्दीत उभे राहिले.

कायदा मात्र मागे हटला नाही. १९८१ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने पुन्हा एस्मा आणला, आधी वटहुकूम, मग कायदा. या वेळी दंडाची रक्कम वाढली होती. त्याच्याविरुद्ध १९ जानेवारी १९८२ ला देशव्यापी संप झाला. आदल्याच दिवशी मुंबईत डॉ. दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला होता, त्यामुळे आपल्याकडे त्या १९ तारखेची आठवण कोणाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये विनाचौकशी बडतर्फीला मान्यता दिली. २००३ मध्ये तामिळनाडूत एका फटक्यात सुमारे १ लाख ७० हजार सरकारी कर्मचारी काढले गेले तेव्हा त्याच न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले: सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्कही नाही. नैतिक हक्क असतो की नाही हे न्यायालयाने ठरवायचे असते का, हा प्रश्न तेव्हा विचारला गेला आणि तसाच राहिला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या लेखी ज्या सेवा थांबल्याने माणसाच्या जिवाला, सुरक्षिततेला, आरोग्याला धोका होतो त्याच खऱ्या अर्थाने अत्यावश्यक. सर्वसाधारण वाहतूक ती त्यात धरत नाही. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटी यांवरच्या तिच्या ८७ आणि ९८ क्रमांकाच्या करारांवर भारताने आजतागायत मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

महाराष्ट्राने स्वतःचा मेस्मा केला. मार्च २०१८ मध्ये तो अंगणवाडी सेविकांना लावला गेला. ज्यांना सरकार कर्मचारी म्हणत नाही, पगार देत नाही, ‘मानधन’ देते, त्यांची सेवा अचानक इतकी अत्यावश्यक ठरली की संपाला तुरुंग. विधानसभेत सत्तेतल्याच शिवसेनेने गदारोळ केला तेव्हा मुख्यमंत्र्यांनी त्या निर्णयाला स्थगिती दिली. १४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यातले लाखो कर्मचारी संपावर गेले. संपाची घोषणा बरीच आधी झालेली होती. मधल्या दिवसांत पेन्शनवर तोडगा निघाला नाही, पण संपाच्या पहिल्याच दिवशी विधानसभेत मेस्माचे विधेयक चर्चेशिवाय मंजूर झाले.

केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेने, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, एक जुना भेद मिटवला आहे. चौदा दिवसांच्या नोटिशीचे बंधन आता फक्त रेल्वे, वीज, पाण्यापुरते राहिलेले नाही. ते प्रत्येक औद्योगिक आस्थापनेला आहे, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संप. नोटीस आल्यावर मालकाने किंवा सरकारने त्या चौदा दिवसांत काही दिलेच पाहिजे, असे बंधन १९२९ पासून कोणत्याही कायद्यात आलेले नाही.

म्हणून ‘मेस्मा लागू’ अशी बातमी पुढच्या वेळी वाचाल, तेव्हा संघटनेने नोटीस कोणत्या तारखेला दिली होती ते शोधा, आणि त्या तारखेपासून मेस्मापर्यंत मंत्र्यांनी किती बैठका घेतल्या हे आपल्या आमदाराला विचारा.